बेरियातले तीन नवखे: रूकी क्वार्टरबॅकची 'इमेज' बिघडते कुठे आणि सावरायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, नव्यानं आलेल्या क्वार्टरबॅकवर (संघाचं आक्रमण चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या खेळाडूवर) 'हा प्रोफेशनल वाटत नाही' असा शिक्का बसतो, तेव्हा नेमकं काय बिनसलेलं असतं? त्याच्या बाजूनं काम करणाऱ्यानं अशा वेळी काय करावं? विचारणाऱ्यानं शेडूर सँडर्सचं उदाहरण दिलंय आणि शेवटी जोडलंय, की हा सगळा माध्यमांनीच उठवलेला धुरळा तर नाही ना.

शेवटापासून सुरुवात करतो. धुरळा असतो, आणि काही वेळा तो चक्क अन्यायाचा असतो. क्वार्टरबॅक वॉरन मून १९७८ साली रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी एनएफएलच्या एकाही संघानं त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी सहा हंगाम खेळला, पाच वेळा तिथलं विजेतेपद, ग्रे कप, जिंकला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला. कॅम न्यूटनबद्दल २०११ च्या ड्राफ्टआधी छापून आलेल्या एका मूल्यमापनात त्याचं हसूसुद्धा खोटं ठरवलं होतं. पहिल्याच सामन्यात त्यानं पासमधून ४२२ यार्ड अंतर मिळवलं. 'गर्विष्ठ', 'लाडावलेला', 'नेतृत्व दिसत नाही' हे शब्द कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या वाट्याला जरा सढळ हातानं येतात, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा पहिलं काम म्हणजे आरोप चाळून घेणं. कुणी काय पाहिलं आणि कुणाला काय 'वाटलं', हे दोन गठ्ठे वेगळे करायचे. ज्याला तारीख, वेळ आणि ठिकाण आहे तो पहिल्या गठ्ठ्यात. बाकीच्याला उत्तर देत बसू नये.

आता उरलेला, खरा भाग. नवख्याची प्रतिमा सांभाळणारी मंडळी बहुतेक वेळा चाहत्यांकडे तोंड करून काम करतात. व्हिडिओ, मुलाखती, समाजकार्याचे फोटो, सगळं बाहेरच्यांसाठी. पण क्वार्टरबॅकबद्दलचं मत बनतं सरावाच्या इमारतीत आणि तिथून बाहेर झिरपतं. संघासोबत रोज असणारे दहा-बारा वार्ताहर लाइनमन (क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे खेळाडू), सहायक प्रशिक्षक, उपकरणं सांभाळणारा माणूस या सगळ्यांशी बोलत असतात. पत्रकार परिषदेच्या पोडियमवर पोरगा काय बोलला याची शहानिशा ते त्यांच्याकडेच करतात. आत मत चांगलं असेल तर बाहेरचा खराब फोटो चार दिवसांत विरतो. आत मत वाईट असेल तर बाहेर कितीही रंगरंगोटी करा, पोपडे निघतातच.

हे क्वार्टरबॅकच्याच बाबतीत इतकं तीव्र का, ते क्रिकेट पाहत मोठे झालेल्यांसाठी सांगतो. एका प्लेनंतर (आखलेल्या चालीनंतर) पुढच्या प्लेसाठी ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. हेल्मेटमधल्या स्पीकरवर प्रशिक्षक प्ले सांगतो आणि घड्याळ १५ वर आलं की तो आवाज आपोआप बंद होतो. तेवढ्यात नवख्यानं ती आठ-दहा शब्दांची साखळी ऐकायची, हडलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या घोळक्यात, दहा जणांना न अडखळता सांगायची, मग रेषेवर जाऊन समोरचा बचाव ओळखून गरज पडली तर प्ले बदलायचा. तो एकदा चाचरला की तिशीतला लाइनमन शेजाऱ्याकडे बघतो. ती नजर कॅमेऱ्यात येत नाही, पण 'प्रोफेशनल इमेज' नावाची वस्तू तिथेच जन्मते. वेळ संपला तर पाच यार्डांचा दंड, आणि तो सगळ्या स्टेडियमला दिसतो.

याचे तीन नमुने एकाच इमारतीत मिळतात. क्लीव्हलँडचं उपनगर असलेल्या बेरियात ब्राउन्स संघाचं सरावाचं ठिकाण आहे. २०१४ मध्ये जॉनी मॅन्झेल, २०१८ मध्ये बेकर मेफिल्ड आणि २०२५ मध्ये शेडूर सँडर्स तिथे आले. तिघेही वाजतगाजत आले आणि येताना वादांचं गाठोडं घेऊन आले. शेवट मात्र सारखा झाला नाही.

मॅन्झेल हा हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) जिंकणारा पहिला फ्रेशमन, म्हणजे पहिल्याच हंगामातला खेळाडू. ब्राउन्सनी फिलाडेल्फियाशी अदलाबदल करून २२व्या क्रमांकावर त्याला घेतलं. व्यासपीठावर येताना त्यानं बोटांनी पैसे मोजल्याची खूण केली. ड्राफ्ट चालू असताना त्यानं संघाच्या क्वार्टरबॅक प्रशिक्षकाला 'मला लवकर घ्या' अशा अर्थाचा मेसेज पाठवला होता, ते त्या प्रशिक्षकानंच नंतर रेडिओवर सांगून टाकलं. म्हणजे पहिली गळती संघाकडूनच झाली. मे महिन्यात लास व्हेगास, मग फुगवलेल्या हंसावर बसून शॅम्पेन, मग नोटेची गुंडाळी हातात धरलेला फोटो. १८ ऑगस्टला वॉशिंग्टनविरुद्धच्या सराव सामन्यात त्यानं प्रतिस्पर्ध्यांच्या बाकाकडे बघून मधलं बोट दाखवलं आणि १२,००० डॉलर दंड भरला. दोन दिवसांनी ब्रायन हॉयर पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक म्हणून जाहीर झाला.

इथवरचं सगळं धुतलं गेलं असतं. एकवीस वर्षांच्या पोरानं सुट्टीत दारू पिणं ही फार तर आठवड्याभराची बातमी. पण १४ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध तो पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि १८ पैकी १० पास पूर्ण, ८० यार्ड, दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले पास), ३०-० असा पराभव झाला. प्रतिस्पर्धी त्याचीच पैसे मोजण्याची खूण त्याला करून दाखवत होते. पुढच्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला आणि हंगामाच्या शेवटच्या शनिवारी तो उपचारांना आलाच नाही. संघाची माणसं त्याच्या घरी गेली. या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम या चार महिन्यांत दिसतो: नुसता फोटो चिकटत नाही, त्याला मैदानावर जोडीदार मिळाला की चिकटतो. उन्हाळ्यातल्या हंसाला डिसेंबरातल्या ८० यार्डांनी अर्थ दिला. आपण फिल्म (सामन्यांचं चित्रण) बघतच नव्हतो, हे त्यानं स्वतः २०२३ मध्ये कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आतल्या लोकांना ते २०१४ मध्येच माहीत होतं.

इथे एक फरक न चुकता करावा लागतो. जानेवारी २०१५ मध्ये मॅन्झेल उपचार केंद्रात दाखल झाला आणि एप्रिलपर्यंत तिथे होता. व्यसन किंवा मानसिक आजार असेल तर तो प्रतिमेचा प्रश्न राहतच नाही, आणि प्रसिद्धी सांभाळणाऱ्यानं त्यात हात घालू नये. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात गोपनीय उपचारांची सोय आहे. तिथला डॉक्टर पहिला, बाकी सगळे नंतर. फोटो पुसण्याच्या नादात आजार झाकला गेला, तर पुढच्या वर्षी दोन्ही चव्हाट्यावर येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्राउन्सनी त्याला उरलेल्या हंगामासाठी पहिला क्वार्टरबॅक म्हणून जाहीर केलं आणि आठवड्याभरात सुट्टीतल्या पार्टीचा व्हिडिओ बाहेर आल्यावर थेट तिसऱ्या क्रमांकावर ढकललं. मार्च २०१६ मध्ये त्याला सोडून दिलं.

मेफिल्डचं गाठोडं काही हलकं नव्हतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये आर्कान्सातल्या फेटव्हिलमध्ये अटक, पोलिसांपासून पळताना पकडल्याचा व्हिडिओ. त्याबद्दल विद्यापीठानं ३५ तासांची समाजसेवा लावली. सप्टेंबरात ओहायो स्टेटच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवला. नोव्हेंबरात कॅन्सासविरुद्ध अश्लील हातवारे, पुढच्या सामन्यात कर्णधारपद आणि सुरुवातीची जागा दोन्ही गेली. तरीही २०१८ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला. २० सप्टेंबरला जेट्सविरुद्ध संघ १४-० नं मागे असताना तो मैदानात आला, २३ पैकी १७ पास, २०१ यार्ड, आणि ब्राउन्स ६३५ दिवसांनी सामना जिंकले. त्या हंगामात त्याचे २७ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) झाले, नवख्यांमधला तेव्हाचा विक्रम. त्याचा उद्धटपणा एका रात्रीत 'जिगर' झाला. स्वभाव तोच होता, फक्त जोडीला निकाल वेगळा आला. मेफिल्डकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट अशी, की २०१७ च्या प्रत्येक प्रकरणानंतर तो स्वतः माईकसमोर आला आणि काय केलं ते सांगून माफी मागितली. ड्राफ्टआधी संघांनी विचारलं तेव्हा त्यांना नवीन काही कळण्यासारखं उरलं नव्हतं.

आता सँडर्स. वडील डिऑन सँडर्स हे हॉल ऑफ फेममधले खेळाडू आणि कोलोरॅडोत त्याचेच प्रशिक्षक. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मिळाली, त्यामुळे हा पोरगा लीगमध्ये पाय ठेवण्याआधीच ब्रँड होता: मनगटावरच्या घड्याळाची खूण, जाहिराती, ड्राफ्टसाठी खास सजवलेली खोली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिल्या फेरीत जाईल असं बोललं जात होतं, तो गेला पाचव्या फेरीत, १४४व्या क्रमांकावर. त्याआधी तिसऱ्या फेरीत ब्राउन्सनी डिलन गॅब्रिएलला घेतलंही होतं. मधल्या काळात निनावी प्रशिक्षकांच्या तोंडी 'मुलाखत फार वाईट झाली' अशा बातम्या आल्या. त्यात थट्टेचा फोन: अटलांटाच्या एका प्रशिक्षकाच्या उघड्या आयपॅडवरून त्याच्या मुलानं सँडर्सचा खासगी नंबर घेतला होता. लीगनं संघाला अडीच लाख आणि प्रशिक्षकाला एक लाख डॉलर दंड केला. यात सँडर्सची चूक काहीच नव्हती आणि फोनवर तो शांत राहिला. त्या आठवड्यातली ती त्याची सगळ्यात चांगली कामगिरी म्हणावी लागेल.

जूनमध्ये वेगाची दोन चलनं लागली. एक ताशी ६५ मैलांच्या हद्दीत ९१, दुसरं ६० च्या हद्दीत १०१. म्हणजे ताशी १६० किलोमीटरच्या वर. तेव्हा त्यानं थोडक्यात सांगितलं, की निर्णय चुकले, ते कबूल करतो आणि त्यातून शिकतो. हे योग्यच होतं. चुकलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. संघातल्या क्रमवारीवरून टीव्हीवर त्याच्यावर टीका झाली होती. लॉकर रूममध्ये वार्ताहरांनी प्रश्न विचारले आणि त्यानं आवाज न काढता नुसते ओठ हलवून, हातवारे करत उत्तरं दिली. त्याच्या बाजूनं विचार केला तर ती गंमत होती, आणि 'बोललो तरी शिव्या, नाही बोललो तरी शिव्या' असा तिचा अर्थही लागतो. पण क्लिप कशी चालते ते बघा. आवाज नसलेल्या व्हिडिओवर प्रत्येक वाहिनीनं आपापला अर्थ चिकटवला. त्याच दिवसांत गॅब्रिएलची पहिला क्वार्टरबॅक म्हणून निवड झाली होती, त्यामुळे सहकाऱ्याच्या आठवड्यात हा बातमीत आला. लॉकर रूममध्ये हे दुसरं जास्त लागतं. त्याऐवजी 'हा डिलनचा आठवडा आहे, मी त्याच्या तयारीला मदत करतोय' एवढं वाक्य पुरलं असतं. सात सेकंद.

१६ नोव्हेंबरला गॅब्रिएलच्या डोक्याला मार लागल्यावर सँडर्स बाल्टिमोरविरुद्ध उत्तरार्धात आला: १६ पैकी ४ पास, ४७ यार्ड. पहिल्या फळीसोबत सरावच मिळाला नव्हता, हे त्यामागचं खरं आणि साधं कारण. राखीव नवख्याला आठवडाभर दुसऱ्या संघाची नक्कल करणाऱ्या फळीत खेळवतात, स्वतःच्या संघाचे प्ले त्याच्या वाट्याला जवळपास येतच नाहीत. पुढचा आठवडा सरावाला मिळाला आणि २३ नोव्हेंबरला लास व्हेगासमध्ये त्यानं २० पैकी ११ पास, २०९ यार्ड फेकून २४-१० असा सामना जिंकून दिला. १६ तारखेला जे शिक्के मारायला निघाले होते, त्यांची २३ ला पंचाईत झाली.

मग करायचं काय? आठवड्याच्या वेळापत्रकापासून सुरुवात. नवख्याची प्रतिमा सुधारायची तर कॅलेंडर उघडा, कॅमेरा नंतर. रविवारचा सामना धरला तर साधारण घडी अशी असते: सोमवारी झालेल्या सामन्याची फिल्म आणि उपचार, मंगळवारी सुट्टी, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी प्रत्येक म्हणजे एक डाउन), गुरुवारी तिसऱ्या डाउनचे, शुक्रवारी गोलरेषेजवळचे, शनिवारी चालत चालत उजळणी. मंगळवारची सुट्टी क्वार्टरबॅकसाठी कागदावरच असते. बुधवारी सकाळी योजनेची वही हातात पडेल तोवर प्रतिस्पर्ध्याचे मागचे चार सामने बघून झालेले असले पाहिजेत. बघून नुसतं भागत नाही, तर बचावाची मांडणी, डाउन आणि अंतर कागदावर उतरवलेलं हवं. हल्ली फिल्म टॅब्लेटवर असते आणि कोण किती वेळ बघतो ते संघाला कळू शकतं. २०२२ मध्ये ॲरिझोनानं आपला क्वार्टरबॅक कायलर मरे याच्या करारात आठवड्याला चार तास स्वतंत्र अभ्यासाची अट घातली होती. २३ कोटी डॉलरच्या करारात गृहपाठाची अट! गदारोळ झाल्यावर काही दिवसांत ती काढली, पण तोवर 'अभ्यास करत नाही' हे जगजाहीर झालं होतं. वाईट हेतूशिवाय संघच आपल्या खेळाडूची प्रतिमा कशी खराब करतो, याचा हा नमुना.

दुसरी गोष्ट, प्ले मोठ्यानं म्हणण्याचा सराव. प्रशिक्षकाकडून आठवड्याचे प्ले फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचे, कानात ऐकायचे, आणि थांबून जसेच्या तसे खड्या आवाजात म्हणायचे. रोज पंचवीस-तीस. गाडीत, न्हाणीघरात, कुठेही. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, कारण हडलमध्ये जीभ अडखळते, मेंदू नव्हे. हे प्रतिमेच्या सल्ल्यात कशाला, असं वाटेल. पण नवखा हडलमध्ये सराईत वाटला की लाइनमन गुरुवारी वार्ताहराला आपणहून सांगतो, 'पोरगा तयार आहे.' तसली शिफारस जाहिरातीतून विकत मिळत नाही.

तिसरी, इमारतीत यायची वेळ. ज्येष्ठ क्वार्टरबॅक सकाळी सहाला येत असेल तर नवख्यानं पावणेसहाला यायचं, आणि त्याचा फोटो टाकायचा नाही. टाकला की ते नाटक होतं.

माध्यमांचं आता. सरावाच्या आठवड्यात लॉकर रूम ठरावीक दिवशी ४५ मिनिटं उघडी असते, आणि क्वार्टरबॅकला आठवड्यात एकदा, बहुधा बुधवारी, शिवाय सामन्यानंतर बोलावं लागतं. टाळलं तर दंड. पत्रकार परिषदेआधी वीस मिनिटं तयारी पुरते: येऊ शकतील असे पाच वाईट प्रश्न एकानं खडूसपणे विचारायचे, खेळाडूनं उभं राहून उत्तरं द्यायची. प्रत्येक उत्तर वीस ते चाळीस सेकंद. पहिलं वाक्य स्वतःत पूर्ण हवं, कारण क्लिप तिथेच कापतात. वाईट शब्द स्वतःच्या तोंडून उच्चारायचा नाही. 'तू आळशी आहेस का?' याला 'मी आळशी नाही' म्हटलं की उद्याचा मथळा तोच. 'मी सकाळी सहापासून इथे असतो, या आणि बघा' हे चालेल, फक्त खरंच असत असेल तर. इंटरसेप्शनबद्दल बोलताना 'मी', टचडाउनबद्दल बोलताना लाइनमनचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं ते. 'लाइननं छान काम केलं' हे पोकळ. 'तिसऱ्या क्वार्टरमध्ये उजव्या टॅकलनं कडेचा माणूस तीन सेकंद थोपवला म्हणून मला तो पास दिसला' हे त्या टॅकलच्या (कडेच्या लाइनमनच्या) घरापर्यंत पोचतं. रिसीव्हर (पास झेलणारा) चुकीच्या मार्गानं पळाला असेल तरी ते पोडियमवर कधीही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हरलेल्या सामन्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात धोक्याची. १९९८ मध्ये नवखा क्वार्टरबॅक रायन लीफ यानं कॅन्सस सिटीविरुद्ध १५ पैकी १ पास पूर्ण केला, चार यार्ड. दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये तो एका वार्ताहरावर खेकसला आणि ती काही सेकंदांची फीत आजही दाखवतात. त्याच वर्षी दुसरा नवखा, पेटन मॅनिंग यानं २८ इंटरसेप्शन दिले आणि संघ हंगामातल्या १६ पैकी १३ सामने हरला, पण त्याच्या खेकसण्याची एकही फीत नाही. म्हणून सामन्यानंतर आधी पाणी, तोंड धुणं, प्रशिक्षकाशी दोन शब्द, मगच पोडियम. अंगावर काय आहे तेही बघून घ्या. सामन्याच्या दिवशी, संपल्यानंतर ९० मिनिटांपर्यंत, लीगच्या परवानगीबाहेरचे ब्रँड दिसले तर दंड बसतो. २०१४ मध्ये क्वार्टरबॅक कॉलिन केपरनिकला गळ्यातल्या हेडफोनपायी १०,००० डॉलर भरावे लागले.

फोन आणि खाती ड्राफ्टच्या किमान दोन महिने आधी तपासायला हवीत. २०१८ च्या ड्राफ्टच्या आदल्या रात्री क्वार्टरबॅक जॉश ॲलनचे शाळेतले जुने ट्वीट वर आले. त्यानं लगेच माफी मागितली आणि तरी सातवा गेला. २०१६ मध्ये लॅरमी टन्सिलच्या खात्यावरून ड्राफ्टच्या काही मिनिटं आधी दुसऱ्याच कुणीतरी त्याला अडचणीत आणणारा व्हिडिओ टाकला आणि तो १३व्या क्रमांकापर्यंत घसरला. तो क्वार्टरबॅक नव्हता, पण धडा तोच. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी लावा, जुन्या मॅनेजरचा, मित्राचा, कॉलेजच्या व्हिडिओवाल्याचा प्रवेश काढून टाका. आठवी-नववीपासूनच्या पोस्ट एका बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. मित्राला काही खटकत नाही. आणि पुसल्या म्हणजे गेल्या असं समजू नका, काय पुसलं त्याची यादी ठेवा. संघानं विचारलं तर आधी तुम्हीच सांगायचं.

भानगड झालीच तर पहिल्या तासाचा क्रम ठरलेला असावा. पहिला फोन वकिलाला. दुसरा एजंटला, तिसरा संघाच्या सुरक्षा प्रमुखाला, आणि लगोलग मुख्य प्रशिक्षकाला, खेळाडूच्या स्वतःच्या आवाजात. मुख्य प्रशिक्षकाला बातमी एक्सवरून (आधीचं ट्विटर) कळली, तर पुढचं सगळं निम्म्या ताकदीनं होतं. लीगच्या वर्तणूक धोरणाखाली न्यायालयात दोषी ठरण्याआधीही कारवाई होऊ शकते, हे खेळाडूला आधीच माहीत हवं. तोवर सगळे जण गप्प: भाऊ, मैत्रीण, ट्रेनर, बाबा. विशेषतः बाबा. 'चहापेक्षा किटली गरम' हा प्रकार इथे नेहमी दिसतो. वडील किंवा मॅनेजर टीव्हीवर जाऊन 'माझ्या पोराला मुद्दाम लक्ष्य केलं' असं सांगतात, आणि चोविशीतला गडी बारा वर्षांचा वाटायला लागतो.

निवेदन लिहायची घाई करू नका, पण चोवीस तासांच्या आत द्या. पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण ओहायोसारख्या राज्यात सार्वजनिक नोंद म्हणून मागवता येतं. वकिलानं ते पाहिल्याशिवाय घटनेचा तपशील लिहिला आणि चित्रण वेगळं निघालं, तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोटेपणा मोठा होतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मजकूर साठ-सत्तर शब्दांचा. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य आलं की कागद फाडून टाका. त्यापेक्षा असं: 'मी मर्यादेपेक्षा चाळीस मैल जास्त वेगानं गाडी चालवली. त्यात कुणाचा जीव गेला असता. दंड भरलाय, प्रशिक्षकांना आणि सहकाऱ्यांना स्वतः सांगितलंय.' कृती, धोका, काय केलं. चौथं काही नाही. धर्मादाय संस्थेच्या भेटीचा फोटो त्याच आठवड्यात काढू नये, लोक मूर्ख नसतात.

त्यानंतर एकदाच प्रश्न घ्यायचे, पाच मिनिटं. पुढे कुणी विचारलं तर 'बुधवारी बोललोय' आणि पुढच्या सामन्याबद्दल. इथे खेळाडू ढिला पडतो आणि तिसऱ्यांदा समजावायला जातो, मग नवं वाक्य म्हणजे नवी बातमी.

प्रायोजकांचं फार लिहीत नाही. करारात वर्तनाचं कलम असतंच. नवख्या वर्षात हंगामाच्या काळात मंगळवारी संध्याकाळी दोन तासांपलीकडे चित्रीकरण ठेवू नये, आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशी आधीच ठरलेली जाहिरातीची पोस्ट आपोआप जाणार नाही हे एका माणसाच्या जबाबदारीवर असावं. तीन इंटरसेप्शननंतर सोमवारी सकाळी पिझ्झाची हसरी पोस्ट, हा अपघात दर हंगामात कुणाचा तरी होतोच.

आणि घर. सामन्याचं वेळापत्रक सगळ्या जगाला ठाऊक असल्यामुळे घर कधी रिकामं आहे तेही ठाऊक असतं. १६ नोव्हेंबरला सँडर्स मैदानात असताना त्याच्या घरी चोरी झाली. नवं घर, गाडी, घड्याळं यांचे व्हिडिओ टाकण्याची खोड दिखाऊपणा म्हणून तर अंगलट येतेच, शिवाय खिडक्या-दारांचा नकाशाही देऊन जाते. ड्राफ्टनंतरच्या पहिल्या महिन्यात संघाच्या सुरक्षा विभागाकडून घराची पाहणी करून घ्यावी, ती ते करून देतात, आणि सामन्याच्या दिवशी घरात कुणीतरी माणूस असेल अशी व्यवस्था लावावी.